डिस्चार्ज मिळाला, पण पेशंट अजून उठत नाही: भरती होऊन रिहॅब कसं आणि कुठे मिळतं?

"आता धोका टळलाय. उद्या घरी न्या आणि फिजिओ सुरू करा."

पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्या, मणक्याला मार बसलेल्या किंवा जीबीएसमधून वाचलेल्या पेशंटच्या घरच्यांना हे वाक्य ऐकावं लागतं. ऐकताना आधी हायसं वाटतं. मग लक्षात येतं की पेशंटला अजून कुशीवर वळता येत नाही, नाकात नळी आहे, लघवीची पिशवी लटकलेली आहे, आणि आपलं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत आहे. फिजिओ म्हणजे रोज येऊन पाऊण तास व्यायाम करून घेणारी व्यक्ती. उरलेल्या सव्वातेवीस तासांचं काय?

या अवस्थेतल्या पेशंटसाठी वैद्यकशास्त्रात एक वेगळी सोय आहे: भरती ठेवून केलेलं पुनर्वसन, म्हणजेच इनपेशंट रिहॅब. आपल्याकडे ती कमी ठिकाणी मिळते आणि तिच्याबद्दल सांगणारेही कमी आहेत. ती मागावी लागते आणि वेळेत मागावी लागते.

रिहॅब म्हणजे नेमकं काय?

आधी एक गोंधळ दूर करू. मोबाइलवर 'रिहॅब सेंटर' असं शोधलं की व्यसनमुक्ती केंद्रांची रांग लागते. त्यानंतर येतात फिजिओथेरपी क्लिनिक, आणि मग 'रिहॅब' अशी पाटी लावलेले वृद्धाश्रम. आपल्याला यातलं काहीच नको आहे.

नस, स्नायू आणि हाडांच्या आजारांसाठीच्या रिहॅब वॉर्डात एक टीम काम करते. टीमचे प्रमुख असतात फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन या विषयात एमडी किंवा डीएनबी केलेले डॉक्टर. त्यांना फिजिअ‍ॅट्रिस्ट किंवा थोडक्यात पीएमआरचे डॉक्टर म्हणतात. फिजिओथेरपिस्ट बसणं, उभं राहणं, चालणं शिकवतात. ऑक्युपेशनल थेरपिस्ट जेवणं, कपडे घालणं, आंघोळ, शौचाला जाणं यांवर काम करतात. स्पीच थेरपिस्ट बोलण्याबरोबर गिळण्याकडेही पाहतात. स्प्लिंट, कॅलिपर, कृत्रिम पाय बनवणारे तंत्रज्ञ, नर्स, मानसोपचार तज्ज्ञ आणि समाजसेवा अधीक्षक हेही या टीममध्ये असतात.

फिजिओथेरपिस्ट आणि पीएमआरचे डॉक्टर यांच्यातला फरक पुष्कळांना माहीत नसतो. स्नायूंचा ताठरपणा कमी करणारं इंजेक्शन द्यायचं का, लघवीची नळी कधी काढायची, बीपीची गोळी थेरपीच्या आड येतेय का, हे निर्णय डॉक्टर घेतात. व्यायामाचं कौशल्य थेरपिस्टकडे असतं. दोघांचीही गरज असते.

प्रगती मोजायचीही पद्धत आहे. बार्थेल इंडेक्स नावाची पट्टी १९६५ पासून वापरात आहे. खाणं, आंघोळ, शौच, जिना चढणं अशा दहा गोष्टींना मिळून ० ते १०० गुण. भरती होताना ३० गुण आणि जाताना ६५, असं कागदावर दिसलं तर ती प्रगती. 'पेशंट बरा वाटतोय' ही प्रगती नव्हे, आणि पैसे मोजत असाल तर हा आकडा मागायचा हक्क तुम्हाला आहे.

एवढी घाई कशासाठी?

पक्षाघातानंतर मेंदू स्वतःची नव्याने जुळणी करत असतो आणि त्याचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो. सहा महिन्यांनंतर सुधारणा थांबत नाही, पण मंदावते. या काळात जो हात वापरला जात नाही, त्याला मेंदू हळूहळू हिशेबातून वगळतो.

याचा अर्थ पहिल्याच दिवशी पेशंटला ओढून उभं करायचं असा नाही. एव्हर्ट नावाच्या मोठ्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले, झटक्यानंतर पहिल्या २४ तासांतच जोरात हालचाल सुरू केलेल्या पेशंटना त्याचा फायदा झाला नाही. उलट परिणाम थोडे वाईटच दिसले. कधी सुरू करायचं ते डॉक्टर ठरवतील, पण त्याबद्दल विचारायला पहिल्याच आठवड्यात सुरुवात करा.

नसांचा हिशेब वेगळा आहे. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, धायरी, किरकटवाडी, नांदेड गाव या भागात जीबीएसची साथ पसरली आणि हा आजार घराघरात माहीत झाला. व्हेंटिलेटर, महागडी इंजेक्शनं, दूषित पाणी यांवर तेव्हा खूप लिहिलं गेलं. व्हेंटिलेटर सुटल्यावर पुढे काय, यावर फारसं नाही. जीबीएसमध्ये नसेचं फक्त वरचं आवरण खराब झालं असेल तर सुधारणा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दिसते. आतली तार, म्हणजे अ‍ॅक्सॉन, तुटली असेल तर ती दिवसाला साधारण १ मिलिमीटर या वेगाने वाढते. महिन्याला ३ सेंटिमीटर. कमरेपासून पावलापर्यंतचं अंतर मोजून बघा, म्हणजे 'तीन महिने झाले, आता काही होणार नाही' हे शेजाऱ्यांचं मत किती घाईचं आहे ते कळेल. जीबीएसच्या साधारण पाचपैकी एका पेशंटला सहा महिन्यांनीही आधाराशिवाय चालता येत नाही. त्यांतले बरेच जण त्यानंतर सुधारतात.

पण तोवर पाऊल खाली लोंबकळत राहून टाच आखडली, तर नस परत येऊनही पाय टेकत नाही. म्हणून वाट पाहण्याच्या काळातही सांधे मोकळे ठेवावे लागतात. आणि जीबीएसमध्ये व्यायामाचा अतिरेक झाला तर थकवा येऊन पेशंट मागे जाऊ शकतो. 'जितका जास्त, तितका चांगला' हा नियम इथे चालत नाही.

भरती कोणाला करावं, कोणाला नको?

रिहॅब वॉर्डात प्रवेश देताना साधारण या गोष्टी पाहतात: बीपी, श्वास, ताप आटोक्यात आहेत का, पेशंट थोडा वेळ तरी बसू शकतो का, साध्या सूचना समजतात का, एकापेक्षा जास्त प्रकारच्या थेरपीची गरज आहे का, आणि ठरावीक मुदतीत गाठता येईल असं काही उद्दिष्ट आहे का. अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी विम्याचा सर्वसाधारण निकष आहे की पेशंटला दिवसाला ३ तास, आठवड्यातून ५ दिवस थेरपी झेपली पाहिजे. आपल्याकडे असा एकच नियम नाही. तरी हा आकडा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

मोठ्या पक्षाघातानंतर, मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर, डोक्याला मार लागल्यावर, गंभीर जीबीएसनंतर, एकापेक्षा जास्त हाडं मोडल्यावर किंवा पाय कापावा लागल्यावर भरतीचा विचार नक्की करावा. मज्जारज्जूच्या दुखापतीत तर माझ्या मते तो टाळूच नये. पायांपेक्षा मोठा प्रश्न तिथे लघवीचा असतो. ठरावीक वेळेने नळी घालून मूत्राशय रिकामं करणं, शौचाची वेळ बसवणं, त्वचा रोज तपासणं हे शिकल्याशिवाय घरी गेलेला पेशंट किडनीचा त्रास किंवा बेडसोर घेऊन परत येतो. दुखापत छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल, तर नुसत्या तुंबलेल्या लघवीने बीपी अचानक धोकादायक वाढू शकतं. घरच्या एका तरी माणसाला हे माहीत असलंच पाहिजे.

मस्क्युलर डिस्ट्रॉफीसारख्या वाढत जाणाऱ्या आजारात भरतीचा हेतू वेगळा असतो. ताकद परत आणणं शक्य नसतं. पण योग्य व्हीलचेअर बसवून घेणं, श्वासाची क्षमता तपासणं, आखडलेल्या सांध्यांवर काम करणं यासाठी काही दिवसांची भरती कामी येते.

आणि गुडघा बदलल्यानंतर? बहुतेकांना गरज नसते. ऑस्ट्रेलियात केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गुडघा बदललेल्या काहींना रिहॅबमध्ये भरती केलं आणि बाकीच्यांना घरचा कार्यक्रम दिला. सहा महिन्यांनी दोन्ही गटांच्या चालण्यात फरक आढळला नाही. हे सर्व सरळ, गुंतागुंत नसलेले पेशंट होते. दोन्ही गुडघे एकदम बदललेले एकटे राहणारे आजोबा असतील तर गोष्ट वेगळी. पण कुणी सरसकट 'पॅकेज' गळ्यात मारत असेल तर दोनदा विचार करा.

सुरुवात कुठून करायची?

आयसीयूतून वॉर्डात आल्यावर लगेच. डिस्चार्जच्या दिवशी विचारलंत तर उशीर झालेला असतो, कारण चांगल्या ठिकाणी बेडसाठी थांबावं लागतं.

उपचार करणाऱ्या डॉक्टरांना थेट विचारा: "पीएमआरच्या डॉक्टरांना एकदा दाखवता येईल का?" हॉस्पिटलात तो विभाग नसेल तर बाहेरच्या केंद्रासाठी रेफरल चिठ्ठी मागा. डिस्चार्ज कार्डावर 'फिजिओथेरपी सुरू ठेवा' एवढंच लिहिलेलं असतं. त्याऐवजी पेशंटला आज काय येतं, काय येत नाही, भरती ठेवून रिहॅब का हवं आणि कोणकोणती थेरपी हवी, हे लिहून घ्या. ही चार ओळींची नोंद पुढे प्रवेशासाठी लागते आणि विम्यासाठी तर फारच.

एमआरआयच्या सीडी, रिपोर्ट, औषधांची यादी यांबरोबर पेशंट बसताना किंवा हात हलवतानाचा एक मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा. बेड देण्याआधी बरीच केंद्रं तो मागतात.

प्रवेश नाकारला जाण्याची नेहमीची कारणं म्हणजे खोल बेडसोर, चालू असलेला जंतुसंसर्ग आणि गळ्यातली श्वासनळी. नळी असलेले पेशंट काही ठिकाणी घेतात, काही ठिकाणी नाही. बेडसोर मात्र टाळता येतो. हॉस्पिटलात असल्यापासून दर दोन तासांनी कूस बदलली जातेय का, हे बघायला लाजू नका. वॉर्डातल्या मावशींवर सगळं सोपवून चालत नाही. एका मावशीकडे किती बेड असतात ते मोजा, मग रागही येणार नाही.

महाराष्ट्रात कुठे?

सर्वात जुनं आणि महत्त्वाचं नाव म्हणजे मुंबईत हाजी अलीजवळची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची ही संस्था १९५५ पासून आहे. थेट भरती होत नाही. आधी ओपीडीत पेशंट किंवा त्याचे कागद दाखवावे लागतात, तपासणी होते, मग बेड. कृत्रिम अवयव आणि कॅलिपर बनवण्याची कार्यशाळाही तिथेच आहे. मणक्याच्या दुखापतींसाठी शीवला पॅराप्लेजिक फाउंडेशन अनेक वर्षं काम करतंय. सैनिक आणि माजी सैनिकांसाठी पुण्यात खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. राज्याबाहेर जायची तयारी असेल तर वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, बंगळुरूचं निम्हान्स आणि दिल्लीचं इंडियन स्पायनल इंज्युरीज सेंटर ही देशभर माहीत असलेली नावं. पालिकेच्या आणि सरकारी मेडिकल कॉलेजांपैकी काहींत पीएमआर विभाग आहे, त्यामुळे जवळच्या कॉलेजात आधी चौकशी करा.

खासगी केंद्रांची नावं मुद्दाम देत नाही. त्यांचा दर्जा एका शहरातही इतका वेगवेगळा आहे की नावापेक्षा प्रश्न उपयोगी पडतात. पीएमआरचे डॉक्टर आठवड्यातून किती वेळा येतात? एका पेशंटला रोज किती तास थेरपी मिळते, आणि त्या वेळी थेरपिस्टच्या हाताखाली एकच पेशंट असतो की चार? (वर सांगितलेले तीन तास आठवा.) रात्री डॉक्टर आणि नर्स असतात का? पेशंट अचानक बिघडला तर कुठल्या हॉस्पिटलात नेतात? डायपर, औषधं, केअरटेकर हे पॅकेजमध्ये आहे की वेगळं? पहिल्या आठवड्याचं उद्दिष्ट लिहून मिळेल का? शेवटच्या प्रश्नावर जिथे टाळाटाळ होते, तिथून उठायला हरकत नाही. आणि थेरपीच्या वेळेत जा. रविवारी संध्याकाळी सगळीच केंद्रं शांत आणि छान दिसतात.

पैसे कुठून आणायचे?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत वर्षाला कुटुंबाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. ७० वर्षांवरच्यांना उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, आणि पक्षाघाताचे कितीतरी पेशंट याच वयातले असतात. मात्र या योजना ठरलेल्या पॅकेजवर चालतात. मुख्य आजाराचा उपचार त्यात बसतो, त्यानंतरचं लांबलेलं रिहॅब बसेलच असं नाही. हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला पॅकेजचं नाव आणि दिवस विचारा. फुले योजनेचा हेल्पलाइन क्रमांक १५५३८८ आहे.

धर्मादाय हॉस्पिटलांचा पर्याय अनेकांना माहीत नसतो. ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलांना महाराष्ट्रात १० टक्के बेड निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवावे लागतात. निर्धनसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत आणि दुर्बल घटकासाठी ३ लाख ६० हजारांच्या आत लागतं. तहसीलदाराचा दाखला किंवा रेशनकार्ड घेऊन हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जा. त्या ट्रस्ट हॉस्पिटलात रिहॅब वॉर्ड असेल तर तिथेही ही सवलत मागा.

नोकरीत ईएसआय कापला जात असेल तर ईएसआयच्या हॉस्पिटलातून रेफरल घ्या. पगार बुडतो त्याचंही काही भरून निघतं. नेहमीच्या ९१ दिवसांच्या आजारपणाच्या लाभानंतर, अर्धांगवायूसारख्या यादीतल्या दीर्घ आजारांत दोन वर्षांपर्यंत वेतनाच्या ८० टक्के रक्कम मिळू शकते. त्यासाठी आधीच्या सलग नोकरीची अट असते.

आता खासगी आरोग्यविमा. इथे सर्वात जास्त लोक अडकतात. पॉलिसीत एक ठरावीक अपवाद असतो, त्याचा कोड एक्सक्ल-०५. विश्रांती, पुनर्वसन आणि तात्पुरती देखभाल असं त्याचं शीर्षक आहे. शीर्षकातला 'पुनर्वसन' हा शब्द दाखवून क्लेम नाकारला जातो. पण खालचा मजकूर वाचा. उपचारासाठी नव्हे, तर मुख्यतः बेडरेस्टसाठी किंवा आंघोळ-कपडे अशा निव्वळ देखभालीसाठी झालेली भरती, असं तिथे म्हटलेलं असतं. म्हणून डॉक्टरांच्या कागदावर रोज कोणते उपचार चालू आहेत हे खरं-खरं आणि तपशीलवार यायला हवं: गिळण्याची थेरपी, ताठरपणाचं इंजेक्शन, मूत्राशयाचं प्रशिक्षण, बीपीच्या औषधातले बदल.

दुसरी मेख 'हॉस्पिटल'च्या व्याख्येत आहे. विम्यासाठी ते ठिकाण नोंदणीकृत हवं, किंवा किमान बेडची अट पाळणारं हवं (१० लाखांपेक्षा कमी वस्तीच्या गावात १०, इतरत्र १५), आणि तिथे चोवीस तास नर्स व डॉक्टर हवेत. बंगल्यात थाटलेलं केंद्र यात बसत नसेल तर क्लेम तिथेच संपतो. ॲडव्हान्स भरण्याआधी नोंदणी प्रमाणपत्र पाहा आणि विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.

भरतीचा खर्च नाकारला तरी, डिस्चार्जनंतरच्या ६० किंवा ९० दिवसांचा खर्च बऱ्याच पॉलिसींत मिळतो. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या फिजिओची बिलं त्यात लावून पाहा. क्लेम चुकीने नाकारलाय असं वाटलं तर आधी कंपनीच्या तक्रार विभागात लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. त्याची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यातही आहेत. फी नाही, वकील लागत नाही.

बेड मिळेपर्यंत घरी काय?

पेशंटला उचलताना लुळ्या हाताला धरून ओढू नका. खांदा निसटतो आणि त्याचं दुखणं महिनोन्‌महिने थेरपी अडवतं. पाणी पिताना ठसका लागत असेल किंवा आवाज ओलसर येत असेल, तर गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काही देऊ नका. माया म्हणून भरवलेला चमचाभर वरण-भात फुप्फुसात गेला तर न्यूमोनिया होतो. कूस दर दोन तासांनी बदला, रात्रीही. एकट्या माणसाला हे झेपत नाही, तेव्हा घरात पाळ्या लावा.

आणि घर मोजून घ्या. घरी वापरायच्या व्हीलचेअरची बाहेरून रुंदी साधारण ६० ते ६५ सेंटिमीटर असते. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये बाथरूमचं दार बहुधा घरातलं सगळ्यात अरुंद दार असतं. दाराची मोकळी रुंदी, उंबरठ्याची उंची, कमोड आणि भिंत यांतलं अंतर, पलंगाची उंची असे चार आकडे आणि बाथरूमचा एक फोटो रिहॅब वॉर्डात भरती होताना सोबत न्या. ऑक्युपेशनल थेरपिस्ट पहिल्याच आठवड्यात ते मागतील, कारण पेशंटला सराव त्या दारातून आत जाण्याचा करायचा असतो.